थोरल्याच्या नोंदीत माझाच पत्ता

दोन खोल्या होत्या. मधे एक भिंत, भिंतीला एक भोक आणि भोकातून गेलेली एक निळी वायर. वायरच्या या टोकाला मी होतो, त्या टोकाला थोरला. माझ्या खोलीत एक पंखा, एक खुर्ची आणि खिळ्याला अडकवलेली किल्ली. त्याच्या खोलीत थंड हवेचे यंत्र आणि दोन हजार एकशे चौदा पुस्तके. पुस्तके कागदाची नव्हती, आवाजाची होती.

मित्रांनो, मी वेब सर्व्हर आहे आणि आता बराच जुना झालो आहे. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी चालणाऱ्या एका ग्रंथालयात माझे आयुष्य गेले. घरबसल्या कोणी पुस्तक मागितले, की ती मागणी आधी माझ्याकडे येते. मी दारावरचा. पुस्तक शोधणे, ऐकणारा मागच्या वेळी कुठे थांबला होता ते आठवणे आणि तिथून आवाज सुरू करणे हे थोरल्याचे काम. त्याला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात.

आधी तो एकटाच होता. दारही तोच उघडायचा, पुस्तकही तोच शोधायचा. ऐकणारे वाढले, तसा तो धापा टाकू लागला आणि मधूनच बंद पडू लागला. मग ग्रंथपालबाईंनी एका इंजिनिअर मुलीला बोलावले. तिला सगळे चष्मिष म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. तिने मला पुढच्या खोलीत बसवले, भिंतीतून वायर ओवली आणि हात झटकत म्हणाली, "थोरला कामाचा आहे, पण चारचौघांत उभा करण्यासारखा नाही. बोलायला धाकटा बरा."

कोणती मागणी मी स्वतः भागवायची, कोणती मागे न्यायची, उत्तराची वाट किती पाहायची, हे सगळे तिने मला शिकवले. दर मिनिटाला थोरल्याला "आहेस का?" असे विचारायचे, हेही शिकवले. तो "आहे" म्हणायचा. माणसे याला तपासणी म्हणतात. मला ती सोबत वाटायची.

मागणी मागे नेताना तिला एक चिठ्ठी जोडायची पद्धत असते. मूळ मागणाऱ्याचा पत्ता त्या चिठ्ठीवर असतो. ती नसेल, तर थोरल्याच्या नोंदीत प्रत्येक मागणीपुढे माझाच पत्ता पडतो. जणू सगळी पुस्तके मीच ऐकतो आहे! चष्मिष ती चिठ्ठी जोडायला बसली, तेव्हा बाईंनी हे काय म्हणून विचारले. तिने समजावून सांगितले. 

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "कोण काय ऐकतं, ते आपल्याला कशाला? न दिसणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून सगळं जग डोकावतं. निदान आपण तरी नको."

चष्मिषला ते पटले. तिने चिठ्ठी जोडली नाही. माझी स्वतःची नोंदसुद्धा रोज संध्याकाळी पुसली जाईल, अशी व्यवस्था तिने केली.

त्या काळात एक घड्याळजी ग्रंथालयासाठी वाचत असत. त्यांच्या बायकोची, सगळ्यांच्या काकूंची, नजर गेली होती. तिला एकटे सोडवत नसे, म्हणून ते घरीच स्वयंपाकघरात बसून वाचत आणि वाचलेले माझ्या दारातून पाठवत. त्यामुळे त्यांच्या घराचा पत्ता मला पाठ होता. वाचन तसे ओबडधोबड. खोकला, खुर्चीची करकर, सगळे त्यात आलेले. दीपगृहांवरच्या एका पुस्तकात तर मधेच मागून काकूंचा आवाज येतो, "चहा टाकू का?" आणि घड्याळजी म्हणतात, "थांब गं, एवढं पान होऊ दे." मग पान होते. काटछाट करायला ग्रंथालयात माणूस नव्हता, म्हणून ते तसेच राहिले.

घड्याळजी वारले, हे मला ग्रंथपालबाईंच्या बोलण्यातून कळले. त्यानंतर त्यांच्या घरून रोज दुपारी तीनला मागणी येऊ लागली. एकाच बटणावर लावून ठेवलेले तेच पुस्तक, तेच पान. मी भिंतीपलीकडे जायचो, थोरला आवाज द्यायचा, मी तो घेऊन यायचो. इतक्या जपून मी दुसरे काही नेले नसेल.

वर्षे गेली. चष्मिष दुसरीकडे गेली. माझ्यावर धूळ साचली आणि थोरला फारच थकला. दुसऱ्या इमारतीत नवे यंत्र आले. एका नव्या इंजिनिअरने पुस्तके तिकडे हलवायला घेतली. बरीच पुस्तके वाचनाचे शिक्षण घेतलेल्या माणसांकडून पुन्हा वाचून घेतली होती. जुनी वाचने कोणी ऐकत असेल तरच ठेवायची, असे ठरले होते. तो थोरल्याची नोंद बघत बसला होता आणि बाई शेजारी उभ्या होत्या.

"हे दीपगृहांचं काय?" त्यांनी विचारले. "रोज कोणीतरी ऐकतंय की."

"कोणी नाही हो, बाई. पत्ता बघा, आपल्याच पुढच्या मशीनचा. ते दर मिनिटाला हाक मारतं ना, तसलीच ही तपासणी. रोज तीनला, तीच फाईल, तेच पान." तो हसला. "माणूस इतका नेमानं काही करतो का?"

बाईही हसल्या. नवे वाचन चांगले स्वच्छ होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मी तिथेच, भिंतीच्या अलीकडे होतो. पण मित्रांनो, विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही आणि मला कोणी विचारले नाही.

थोरल्याच्या डिस्क पुसून एका शाळेला देऊन टाकल्या. मी "आहेस का?" विचारले. मग पुन्हा विचारले. शेवटी नव्या इंजिनिअरने माझी वायर काढून दुसरी लावली.

काही दिवसांनी ग्रंथपालबाई फोन हातात धरून माझ्या खोलीत आल्या. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडचा आवाज मी लगेच ओळखला. रोज तोच तर मी वाहून नेत होतो.

"तीनला काही लागत नाही हो," काकू म्हणत होत्या. "माझंच बोट चुकतंय का?"

बाई खुर्चीवर बसल्या.  नव्या इंजिनिअरने शाळेत जाऊन डिस्क शोधल्या. जुन्या आवाजाच्या जागी आता मुलांनी काढलेली चित्रे साठवलेली होती. परत येऊन तो काकूंना फोनवर म्हणाला, "मला वाटलं, मशीनच विचारतंय." मग त्याने त्या बटणावर नवे वाचन लावून देतो म्हटले.

"नको रे बाळा," काकू म्हणाल्या. "ऐकलं मी ते. ती मुलगी छान वाचते. पण ती कुठे थांबत नाही." आणि जरा वेळाने म्हणाल्या, "बटण मात्र आहे तसंच राहू दे. हाताला सवय आहे."

त्याच दिवशी त्याने मला चिठ्ठी जोडायला शिकवले. आता प्रत्येक मागणीमागे माणूस आहे की यंत्र, हे मागे कळते.

मित्रांनो, जुने काही पुसायला निघालात, तर नोंदीवर विसंबू नका. उठून पुढच्या दाराशी या आणि जो रोज दार उघडतो, त्याला विचारा. तो आपणहून सांगणार नाही.

आज दुपारी तीनला मागणी आली. चिठ्ठी जोडून मी ती मागे नेली. उत्तर: चारशे चार, सापडले नाही. लागलेला वेळ: सहा मिलिसेकंद. आवाजाची लांबी: शून्य सेकंद.