विहिरीच्या ओळीतली छाटणी

३ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. द्राक्षबागेत शिरताच लागणाऱ्या ओळीत, पहिल्या वेलीची एक काडी कापली गेली. ती मी कापली. त्या दिवशी ती कापायला नको होती.

मित्रांनो, मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. माझी मूठ एकेकाळी लाल होती. आता रंग फक्त खाचांत उरला आहे. मी जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगणार आहे. जे माझ्यासमोर घडलं नाही, ते कोणाकडून कळलं हेही सांगेन. या हकिगतीत माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान लोहारशाळेत झाला. त्याच गावच्या टपाल कचेरीत माझे पहिले मालक गुलाबभाऊ बावीस वर्षं नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी ते शेजाऱ्यांच्या द्राक्षबागांत जाऊन काम शिकायचे. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी परतले. गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून बारा किलोमीटरवर, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. सामानात ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या होत्या आणि मी होते.

गावाने आम्हाला हसून घेतलं. पारावर एकाने विचारलं, "भाऊ, धानाच्या मुलखात अंगूर? कोण खाईन?"

गुलाबभाऊ म्हणाले, "तुम्ही नाई खाल्ले तं कोल्हे खातीन. लावून तं पाहू."

पहिली ओळ त्यांनी विहिरीजवळ लावली. चोवीस वेली. तिसऱ्या वर्षी पहिले घड आले. शाळेच्या गुरुजींनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चिंचेपेक्षा बरा आहे." ही आमची पहिली प्रशंसा. पुढे द्राक्षं गोड झाली आणि ओळीही वाढत बारा झाल्या. दोनशे अठ्ठ्याऐंशी वेली. तरी जागा जेमतेम अर्धा एकर.

गावातल्या सुगंधाबाई आधी शेजारच्या बांधीत धानाच्या रोवणीला यायच्या. गुलाबभाऊंचं छाटणीचं काम त्या बांधावर उभ्या राहून पाहायच्या. एक दिवस भाऊंनी मला त्यांच्या हातात दिलं. चार वेली झाल्यावर भाऊ म्हणाले, "बाई, आता कैची तुमची. माया हात थरथरते." त्याला नऊ वर्षं झाली. सुगंधाबाई दर ओळीनंतर मला फडक्याने पुसायच्या, म्हणजे एका वेलीचा रोग दुसरीला लागू नये. संध्याकाळी तेलाचा एक थेंब माझ्या खिळ्यावर पडायचा. नऊ वर्षांत एकदाही त्या हे विसरल्या नाहीत.

द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यातल्या छाटणीने काड्या वाढतात. पावसाळ्यानंतरच्या छाटणीने घड येतात, आणि या दुसऱ्या छाटणीपासून सुमारे एकशे तीस दिवसांनी द्राक्षं पिकतात. छाटणीचा दिवस ठरला, की फळाचा दिवसही ठरतो.

गुलाबभाऊंनी तो दिवस कॅलेंडरवरून कधी ठरवला नाही. त्यांचा नियम साधा होता. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्यांचा पहिला पडदा वर गेला आणि शेजारच्या बांधीत धानाच्या कडपा, म्हणजे कापून आडव्या ठेवलेल्या मुठी, वाळल्या, की मग कात्री. बांधीत पाणी असेपर्यंत बागेतली हवा ओली राहते, आणि ओल्या हवेत कोवळ्या फुटीवर केवडा पडतो. केवडा म्हणजे वेलीचा रोग. पानावर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, आणि मग घडच जातो.

तीन वर्षांपूर्वी गुलाबभाऊ वारले. त्यांचा मुलगा प्रफुल पुण्यात नोकरीला आहे. आई त्याच्याकडेच असते. बाग विकायची नाही, हे त्याने तेव्हाच सांगितलं. तेव्हापासून बाग फोनवर चालते. सुगंधाबाईंची सून दिव्यानी फोन धरून ओळींमधून चालायची आणि प्रफुल पुण्याहून वेली पाहायचा. पहिली दोन वर्षं त्याने काही बदललं नाही. मार्चमध्ये फळ आलं, आणि चांगलं आलं.

यंदा त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. संघप्रिया गडचिरोलीला परिचारिका आहे. ती शाळेत असताना गुलाबभाऊ तिला बागेतच म्हणाले होते, "तुया लग्नात पाहुण्यायच्या हातात आपले अंगूर देईन." मी तेव्हा त्यांच्या खिशात होते. लग्नाची तारीख निघाली १५ फेब्रुवारी. बापाचा शब्द आता प्रफुलवर आला. त्याने लग्नाच्या तारखेपासून दिवस मागे मोजले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर बोट ठेवलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला नोंदवलं पाहिजे. शेजारची बांधी मात्र त्याने मोजली नाही.

१ ऑक्टोबरला दुपारी त्याचा फोन आला. दिव्यानीने आवाज मोठा केला होता.

सुगंधाबाई म्हणाल्या, "बाबू, बांधीत अजून घोट्याइतकं पाणी आहे. धान हिरवाच आहे."

"काकी, धानाचं काय घेऊन बसलात? आपल्याला अंगूर छाटायचे आहेत."

"तेच तं सांगून राह्यली. पाणी आटत नाई तंवर..."

"इकडे सगळ्यांच्या छाटण्या सुरू झाल्या. नाशिकच्या ग्रुपवर रोज फोटो येतात."

"तिकडं बागेच्या बाजूले धान आहे का?"

 प्रफुल म्हणाला, "काकी, आवाज तुटून राह्यला. परवा सुरू करा." आवाज अजिबात तुटत नव्हता.

फोन ठेवल्यावर दिव्यानी सासूला म्हणाली, "आत्या, पुण्यात राहून भाऊले बांधीतलं पाणी दिसत नाई, पण अंगूर दिसते."

"चूप बस," सुगंधाबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाचा शब्द आहे."

तर ३ तारखेला सकाळी मी पहिली काडी कापली. ३ ते ६ ऑक्टोबर या चार दिवसांत आम्ही अकरा ओळी छाटल्या. सुगंधाबाई कापत होत्या, दिव्यानी काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायचं औषध लावत होती. बाराव्या ओळीला, म्हणजे गुलाबभाऊंनी विहिरीजवळ सर्वांत आधी लावलेल्या ओळीला, सुगंधाबाईंनी हात लावला नाही. ६ तारखेला दुपारी चारला त्यांनी मला पुसलं आणि त्या पाणी प्यायला गेल्या. मला वाटलं काम संपलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

साडेपाचला प्रफुलचा फोन आला. दिव्यानी ओळीओळीने चालली. शेवटी विहीर दिसली.

"थांब, दिव्यानी. ही ओळ हिरवी कशी?"

सुगंधाबाई पुढे आल्या. "ती राहू दे, बाबू. बाकी अकरायचं काई कमीजास्त झालं, तं ही एक..."

"काकी, ही बाबांनी लावलेली पहिली ओळ आहे. संघप्रियाच्या लग्नात हिचेच अंगूर द्यायचे. आणि नेमकी हीच सोडली?"

"म्हणूनच सोडली."

"म्हणजे?"

"पानं पाह्य, बाबू. अजून..."

"बाबा होते तेव्हा अशी मनाने सोडली असती का ओळ?"

 दिव्यानीने फोन खाली घेतला. त्यावर सुगंधाबाई म्हणाल्या, "वर धर. पाहू दे त्याले." आणि त्यांनी मला हातात घेतलं.

मित्रांनो, इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. मी जुनी आहे. माझी स्प्रिंग थकली आहे. चांगल्या दिवसांतही मी कधीकधी अडते. मग सुगंधाबाई मला मांडीवर आपटायच्या आणि एखादी शिवी द्यायच्या. त्या संध्याकाळी मी एकदाही अडले नाही. चोवीस वेली मी पाऊण तासात कापल्या. इतकी स्वच्छ मी कित्येक वर्षांत चालले नव्हते. हत्याराला नाही म्हणता येत नाही, हे खरं. पण एवढं चोख चालायची गरज नव्हती. याची मला लाज वाटते, आणि ती कोणावर ढकलता येत नाही.

शेवटची काडी पडली तेव्हा उजेड जेमतेम होता. प्रफुल फोनवर म्हणाला, "छान. थँक यू, काकी." सुगंधाबाईंनी मला विहिरीजवळच्या तारेवर अडकवलं आणि त्या निघून गेल्या. मला पुसलं नाही. तेल दिलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं मी तारेवरून पाहिलं.

दहाव्या दिवशी डोळे फुटले. पंधराव्या दिवशी फुटीत बारीक घड दिसले. संख्या भरपूर होती. दिव्यानीने फोटो पाठवले तेव्हा प्रफुल इतका खूश झाला, की त्याने ते संघप्रियालाही पाठवले. हे दिव्यानी बागेतच कोणाला तरी सांगत होती. त्या दिवशीही शेजारच्या बांधीत पाणी होतं. सकाळी नऊपर्यंत पानांवरून दव गळायचं.

२६ ऑक्टोबरला दुपारी तीनला पाऊस सुरू झाला. समुद्राकडच्या वादळाचा पाऊस, असं रस्त्यावरून जाणारे म्हणत होते. तो चार दिवस राहिला. शेजारच्या बांधीतलं पाणी सोडून हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान नुकताच कापला होता. त्याच्या कडपा पाण्यात तरंगल्या. सुगंधाबाई पाठीवर पंप घेऊन रोज आल्या. पाऊस थांबला की औषध फवारायच्या, पाऊस आला की फवारलेलं धुऊन जायचं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

३० तारखेला पानांवर तेलकट डाग दिसले. ३१ तारखेला घडांचे देठ तपकिरी झाले. २ नोव्हेंबरला दिव्यानीने एका वेलीला हात लावला, तर तीन घड तिच्या तळहातावर आले. अकरा ओळींत हेच. विहिरीच्या ओळीतही हेच. ती ओळ न छाटता राहिली असती, तर तिच्या जून काड्यांतले डोळे मिटलेले राहिले असते. नोव्हेंबरात छाटून मार्चमध्ये तिथे फळ आलं असतं. लग्नाला नसतं मिळालं, पण आलं असतं. सुगंधाबाईंना फोनवर एवढंच सांगायचं होतं.

८ नोव्हेंबरला प्रफुल आला. रेल्वेने वडशाला उतरून, तिथून ऑटोने. तो सकाळी सव्वानऊला बागेत शिरला आणि तोंडाशीच्या ओळीपाशीच उभा राहिला. मग प्रत्येक ओळीच्या तोंडाशी जाऊन थोडा थोडा थांबत विहिरीपर्यंत आला. तिथे त्याला मी दिसले. माझ्यावर तांबडा गंज चढला होता. त्याने मूठ दाबली. मी उघडले नाही.

मला घेऊन तो सुगंधाबाईंच्या घरी गेला. त्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. तो उभाच राहिला.

"काकी, चुकलो मी."

"बस," त्या म्हणाल्या. "दिव्यानी, बाबूले पाणी दे."

"तुम्ही सांगत होत्या. मी ऐकलं नाई."

"सांगत होती. पण कापली तं मीच. हात मायेच होते." त्या सूप पाखडत राहिल्या. "गुलाबभाऊनं हातात कैची देली तवा म्हटलं होतं, बाई, वेल पाहून काप. मी फोन पाहून कापली."

प्रफुल बसला. त्याने विचारलं, "वेली मरतीन का?"

"तू पाह्यल्या?"

"पाह्यल्या ना. आत्ताच."

"ओळी पाह्यल्या. वेली नाई." सुगंधाबाईंनी सूप खाली ठेवलं. "एकेकीची फूट मोडून पाह्य. बुडाशी हिरवं आहे का काळं. ज्याच्या बुडाशी हिरवं, त्याची पुन्हा छाटणी होईन. काळं त्याले हात नाई लावायचा."

"तुम्ही चला ना संगं."

"मी काऊन येऊ? बाग कोनाची?"

दिव्यानी पाणी घेऊन आली आणि तिने विचारलं, "भाऊ, संघप्रियाताईले सांगितलं का?"

प्रफुलने मान हलवली. नाही. बहिणीकडे अजून घडांचे फोटोच होते. तिने पत्रिकेच्या कच्च्या मजकुरात शेवटी एक ओळ घातली होती, असं तो म्हणाला. आमच्या बागेतली द्राक्षं अवश्य चाखा, अशी. मजकूर पाहायला त्याच्याकडे आला होता. त्यावर त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं.

 मग सुगंधाबाईंनी हात पुढे केला. प्रफुलने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"ही इथीच राहू दे," त्या म्हणाल्या. "तू जा. आन् हे पाह्य, फोन खिशात ठेव. दोन्ही हात लागतीन."

तो गेला. सुगंधाबाईंनी मला रॉकेलमध्ये भिजवलं. तासाभराने माझा खिळा सुटला. त्यांनी माझी पाती दगडावर लावली, आधी एक बाजू, मग दुसरी. गंज निघाला, पण पात्यावर खड्डे राहिले. ते आता जाणार नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. कापून झालं की पुसा, तेल द्या, पावसात टांगून ठेवू नका. ते मी सांगते. पण माझ्यावरचा गंज हा या गोष्टीतला लहान भाग आहे. दूर राहून तुम्ही कधी काही सांभाळणार असाल, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि तिथे उभे असाल, तर आपलं वाक्य पुरं करा. समोरच्याला राग आला तरी. मला वाक्य नव्हतं. सुगंधाबाईंना होतं.

दुपारी पावणेबाराला दिव्यानी बागेकडून आली.

"आत्या, भाऊ विहिरीच्या ओळीत बसला आहे. एकेक डोळा पाहून राह्यला. हिरव्याले सुतळी बांधते."

"किती झाल्या?"

"नऊ वेली. पाचायले सुतळी आहे. चारले नाई."

"फोन?"

"वाजत होता. उचलला नाई त्यानं. ताईचाच होता, नाव दिसलं."

सुगंधाबाईंनी मला कोरड्या फडक्याने पुसलं, तेल दिलं, आणि पेटीत न ठेवता दारातल्या कोनाड्यात, येणाऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवलं. मग त्या विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला गेल्या. ते काम आधीच कबूल केलेलं होतं. जाताना बागेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. विहिरीच्या ओळीतल्या पंधरा वेली अजून पाहायच्या आहेत, आणि त्यानंतर अकरा ओळी.