मामलेदाराची शेपटी

मामलेदार हा कुत्रा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याला भेटायला येणाऱ्यांच्या वागण्यावरून तसं कुणाला वाटलं नसतं. घराण्यात एक तरी मामलेदार व्हावा, असं अंबूताईंच्या यजमानांना फार वाटायचं. माणसांपैकी कुणी मनावर घेईना, तेव्हा त्यांनी एक पिल्लू आणून त्याचं नाव मामलेदार ठेवलं आणि पुढं समाधानानं वारले.

आता मामलेदाराला चौदावं लागलं होतं आणि दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. प्राण्यांच्या डॉक्टर श्रीलक्ष्मी अंबूताईंच्या विद्यानगरातल्या घरी येऊन बघून गेल्या. सलाईन, दवाखाना आता काही नको म्हणाल्या. वेदना कमी करायचे थेंब, मऊ अंथरूण, सिरिंजनं थोडं पाणी आणि शांतता, एवढंच. मग अंबूताईंच्या भाच्याला, सुधींद्रला, त्यांनी एक खूण सांगितली.

"समोर बसून नाव घ्यायचं. शेपटी हलली तर त्याला अजून राहायचंय. नाही हलली की मला फोन करा, मी इंजेक्शन द्यायला येते. उशीर करू नका हं."

सुधींद्रनं हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. शांतता या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. तोवर अंबूताईंनी कंपाउंडवरून शेजारच्या यशवंतरावांना बातमी दिली होती.

या गावात कुणी अंथरुणाला खिळला की त्याला भेटून यावंच लागतं. आजारी कोण आहे, हा प्रश्न दुय्यम. संध्याकाळपर्यंत शेजारून सहा खुर्च्या आल्या, चार शहाळी आली. यशवंतराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या मुतखड्याची कहाणी पहिल्या दुखण्यापासून सुरू केली. मध्येच तपकिरीची चिमूट ओढली, त्याच बोटानं मामलेदाराची पापणी वर करून आत डोकावले, "पाप, पाप" म्हणाले आणि तेच बोट चिवड्याच्या बशीत घातलं. सुधींद्रनं सकाळपासून तीनदा मामलेदाराची ओकारी पुसली होती आणि त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र त्यानं ती बशी उचलून आत नेली आणि कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सुधींद्रचा चुलतभाऊ प्रभंजन आला. तो धारवाडच्या कोर्टात वकिली करायचा आणि घरीही करायचा. जाणाऱ्याची इच्छा मागं राहू नये म्हणून त्यानं अर्धा किलो पेढे आणले होते. मामलेदाराची इच्छा पेढाच आहे, हे कशावरून, असं सुधींद्रनं विचारलं. धारवाडच्या आसपास जन्मलेल्याची दुसरी काय असणार, असं प्रभंजनचं म्हणणं पडलं. त्यानं पेढा मामलेदाराच्या जिभेवर दाबून बसवला, वर टाळूलाही थोडा फासला, आणि बोटं मामलेदाराच्याच कानाला पुसली. मामलेदारानं दोनदा शेपटी आपटली आणि पेढा बाहेर काढला. प्रभंजननं पाय तेवढे वर घेतले आणि दुसरा पेढा स्वतः खाल्ला.

"बघ, शेपटी हलवतोय," तो म्हणाला. "अन् तू इंजेक्शनच्या गोष्टी करतोयस. खून आहे हा. वकील म्हणून सांगतो."

शेपटी हलत होती, खरंच. दाराची बेल वाजली की हलायची, खुर्ची सरकली की हलायची. मधल्या वेळात मामलेदार भिंतीकडं तोंड करून कण्हायचा. अंबूताई म्हणायच्या, हलतीय ना अजून, मग राहू दे की. सुधींद्र फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी अकरा माणसं बसली होती. मामलेदाराच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, तोंडाला मुतारीसारखा वास येत होता आणि त्या वासात लोक पोह्यांची अवलक्की खात होते, मीठ कमी आहे म्हणत होते. प्रभंजननं व्हिडिओसाठी मोबाइल धरला होता. मामलेदार, सगळ्यांना टाटा कर, असं तो लाडात येऊन म्हणत होता. मामलेदाराचे डोळे मिटलेले होते. शेपटी फरशीवर पडत होती, टप्, टप्, सरकारी शिक्क्यासारखी.

अंबूताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. तीस वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. तापानं फणफणलेलं पोरही हजेरीला 'हजर' म्हणतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"साकु. पुरे आता," त्या आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या. "हा आज-उद्या जाईल. यजमानांनी त्याला पोरासारखं वाढवलंय, म्हणून मी दहा दिवस सुतक धरणार आहे. ज्याच्या देखत जाईल त्यालाही लागेल."

"कुत्र्याचं सुतक कुठं असतं, आत्या?"

"कुत्र्याला पेढे कुठं भरवतात, प्रभंजन?"

रविवारी प्रभंजनच्या बहिणीचा, दीपश्रीचा, साखरपुडा होता आणि अकरापैकी नऊ जणांना आमंत्रण होतं. शास्त्र नक्की कुणालाच माहीत नव्हतं आणि ते त्या खोलीत थांबून शोधायची कुणाची तयारी नव्हती. चार मिनिटांत घर रिकामं झालं. यशवंतराव घाईत दुसऱ्याच्या चपला घालून गेले.

सुधींद्रनं ओल्या कापसानं मामलेदाराच्या हिरड्यांवरची साखर पुसली. मग समोर मांडी घालून बसला.

"मामलेदार."

मामलेदारानं डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं. शेपटी तशीच पडून राहिली.

सुधींद्रनं पुन्हा नाव घेतलं. पुन्हा काही नाही. ते सगळं पाहुण्यांसाठी होतं. घरच्या माणसापुढं त्याला काही दाखवायचं नव्हतं, बहुतेक पहिल्या दिवसापासूनच. आणि आपण तीन दिवस खुर्च्या मांडत होतो. आता सुधींद्रला स्वतःचीच शिसारी आली.

तो फोन लावत होता, तेवढ्यात बेल वाजली. यशवंतराव चपलांसाठी आले होते. मामलेदाराच्या शेपटीचं टोक थरथरत वर यायला लागलं. अंबूताई खाली बसल्या आणि त्यांनी शेपटीवर अलगद तळवा ठेवला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं कुणी नाही आलेलं."

सुधींद्रनं यशवंतरावांच्या चपला खिडकीतून बाहेर टाकल्या, एकेक करून. मग फोनवर डॉक्टरांना सांगितलं, लगेच या, मागच्या दारानं या, आणि बेल वाजवू नका.