नवव्या पानावरचा खुनी

मी एक खुनाची कादंबरी बोलतेय. दचकू नका, माझ्या हातून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही.

माझा जन्म कैरोच्या छापखान्यातला. तेव्हा कागद दुमडून नुसता शिवत. कडा कापून पानं सुटी करायची ती वाचणाऱ्यानं. तिथून मी अलेक्झांड्रियाला, उस्ता बय्यूमी न्हाव्याच्या फळीवर आले. गिऱ्हाइकाचा नंबर लागेपर्यंत त्याला गुंतवून ठेवणं, हे आमचं काम. पण माझ्या नवव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं, ‘खुनी डॉक्टर आहे.’ तेव्हापासून जो तो तिथवर येतो, चरफडतो आणि मला ठेवून देतो.

परवा दुकानात मोठा आरसा आला. फळी निम्मी होणार. महत्त्वाच्या तेवढ्या कादंबऱ्या ठेवायच्या, बाकीच्या बियावाल्याला. तो आमच्या पानांत भाजलेल्या बिया बांधणार.

“पहिल्या दहा पानांत मुडदा पडतो ती महत्त्वाची,” हाज मितवल्ली म्हणाले. ट्राम चालवून निवृत्त झालेले, गालाला फेस.

“गिऱ्हाईक आपला नंबर विसरतं ती,” उस्ता म्हणाला.

शेजारच्या शिंपीणबाई, इन्साफ, कात्री घेऊनच दारात उभ्या होत्या. “मेलेल्यासाठी कुणीतरी रडतं ती. तुमच्या निम्म्या पुस्तकांत मेलेल्याचं नावही कुणाला आठवत नाही.”

मग उस्त्यानं मला उचललं.

“ही बियांना द्या,” हाज म्हणाले. “डॉक्टरनं केलाय, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.”

बाईंनी मला उलटसुलट पाहिलं. “अहो, सोळाव्या पानापुढं हिच्या कडा कापलेल्याच नाहीत. मग लिहिणाऱ्याला शेवट कुठून कळला?”

उस्त्यानं नववं पान पाहिलं, मग हाजकडं. “हाज, अक्षर ओळखीचं वाटतंय.”

अर्ध्या दाढीनं पळणार कुठं? “फार गोड बोलत होता तो डॉक्टर,” हाज पुटपुटले. “माझा अंदाज सहसा चुकत नाही.”

“तुमच्या अंदाजापायी वीस वर्षं बिचाऱ्याच्या गळ्यात फास,” म्हणत बाईंनी माझ्या कडा कापल्या. शेवट कळेपर्यंत दाढी पुरी करायची नाही, ही हाजना शिक्षा. दुपारभर त्यांनीच मला मोठ्यानं वाचलं. गालावरचा फेस वाळला, चहा गार झाला, गिऱ्हाइकं नंबर विसरली.

खुनी डॉक्टर नव्हता, एवढंच सांगते. उलट, मेलेल्या बाईसाठी रडणारा तो एकटाच निघाला. इन्साफबाईंनी ओढणीआड नाक पुसलं.

आता मी नव्या फळीवर, अगदी मधोमध आहे. कधी आलात तर नवव्या पानावर थांबा. तिथं खोडलेल्या जागी लिहिलंय, ‘शेवटपर्यंत वाचा.’

अक्षर हाजचंच आहे.