हेस्टरच्या नावाची बाटली

क्लेटनच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बर्फ पडायला लागलं तरी ते शब्दकोशाखाली दबून होतं. ‘वेंडेलकाका, बाटलीच्या मागच्या लेबलासाठी दरवर्षीसारख्या चार ओळी द्या. उतार, सरोवर, धुकं, आत्याचे हात, सगळं येऊ द्या.’

गावच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. माझं छापून आलेलं लेखन एवढंच, या ओळी. त्या बऱ्या आहेत का, याची मला कधी खात्री वाटली नाही. पण खोट्या नव्हत्या.

हेस्टर माझी शेजारीण. क्युका सरोवरावरच्या तिच्या उतारावर जुन्या संकरित द्राक्षांचे वेल होते, थंडीला दाद न देणारे. त्यांची पांढरी वाइन तिच्याच नावाने विकली जायची, ‘हेस्टर व्हाइट’. गुडघे गेले तेव्हा तिने कारभार भाच्याकडे, क्लेटनकडे दिला. त्याने ते वेल उपटून जाळले आणि बड्या नावाच्या युरोपी द्राक्षांची कलमं लावली. ती फळावर येईपर्यंत जुना साठा पुरवून विकला.

या कलमांचा सांधा थंडीआधी मातीखाली गाडावा लागतो. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक आहे. आधी जुने गडी माती चढवायचे. गेल्या वर्षी क्लेटनने त्यांना थांबवलं. लग्नासाठी भाड्याने दिलेल्या बागेत नवरीचा झगा मळला असता. मग आणखी एक लग्न. मग जमीनच गोठली. फेब्रुवारीत सगळी बाग मेली.

तरी यंदाही ‘हेस्टर व्हाइट’ निघाली. हेस्टर म्हणाली, “मला घेऊन चल.” मी तिला गाडीतून क्लेटनच्या वाइनच्या दुकानात नेलं.

“ये आत्या, पहिला घोट तुझा,” क्लेटनने काउंटरवर ग्लास ठेवला.

तिने हुंगलं, घोट घेतला आणि चाखणाऱ्यांसाठी ठेवलेल्या बादलीत थुंकला.

“कुठली रे ही?”

“आपलीच की.”

“आपल्या वेलांची तर तू शेकोटी केलीस. मी खिडकीतून बघत होते.”

“रस कॅलिफोर्नियाहून आणला, टँकरने. सगळेच आणतात. जरा गोड ठेवलीय, पाहुण्यांना आवडते.”

“आण की. विक की. नाव माझं कशाला?”

“नावावरच तर खपते, आत्या.”

“मग उद्या माझ्या थडग्यावरची मातीही टँकरनेच आण.”

पलीकडची दोन गिऱ्हाइकं हसली. हेस्टर हसली नाही.

क्लेटन माझ्याकडे वळला. “समोर बारीक अक्षरात नुसतं ‘अमेरिकन’ लिहिलंय, कुठल्या राज्याची ते नाही. कायद्यात बसतं. बाकीचं तुमच्या ओळी सांभाळतील. उत्तर नाही आलं तुमचं?”

तोंडात शिव्या जमल्या होत्या, आणि मी म्हणालो, “बघतो.”

परतताना हेस्टर रस्त्याकडे बघत बोलली. “त्याला ओळी दिल्यास ना वेंडेल, तर माझी पायरी चढू नकोस.”

मी घरी आलो आणि कोट न काढताच लिहायला बसलो.

‘ही द्राक्षं या उतारावर पिकलेली नाहीत. इथले वेल उपटून जाळले. त्यांच्या जागी लावलेले थंडीत मेले, कारण लग्नांसाठी त्यांच्यावर माती चढवली नाही. हेस्टर हयात आहे आणि ही वाइन तिची नाही.’

‘माझ्या मते’ असं दोनदा लिहिलं होतं, ते खोडलं. खाली लिहिलं, ‘क्लेटन, छापायचं तर हेच. नाहीतर माझ्या जुन्या ओळी काढ आणि तिचं नावही काढ. जुन्या ओळी वापरल्यास तर हाच मजकूर मी गावच्या वर्तमानपत्राला देईन.’

दारातल्या टपालपेटीत पत्र ठेवून, ते न्यायचं आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली असती, तर टपालगाडी येण्याआधी मी ते परत काढून घेतलं असतं. मी स्वतःला ओळखतो. म्हणून बर्फातून चालत गावात गेलो आणि पोस्टाच्या खिडकीतल्या बाईच्या हातात ते दिलं. तिने शिक्का मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.