नवसाबाईंची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. नाशकात भद्रकालीजवळच्या सलाउद्दीनभाईंच्या दुकानात १९३० साली माझा जन्म झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने माझे सूर लावले आणि मग मला विकायला त्यांचे मनच होईना.

पुढच्या वर्षी ते मला घेऊन इगतपुरीच्या बाजाराला गेले. तिथे नवसाबाई तांदूळ विकत बसल्या होत्या आणि भातलावणीची गाणी गात होत्या. गिऱ्हाईक गाणे ऐकत उभे राही आणि तांदूळ घ्यायला विसरे. भाईंनी शेजारी बसून मला उघडले. बाईंनी न थांबता माझ्या सुरात सूर मिसळला. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "बरं झालं का, भाई?"

तेव्हापासून आम्ही एकत्र फिरलो. तीन वर्षे जत्रा झाल्या, तंबू झाले. बैलगाडीत मी बाईंच्या मांडीवर असे.

१९३४ साली मुंबईच्या एका कंपनीने त्यांचे गाणे तबकडीवर घ्यायला बोलावले. गाणे मेणावर कोरले जाई. चूक झाली की मेण वाया. कंपनीच्या साहेबांकडे मेणाच्या तीनच चकत्या उरल्या होत्या. पहिले गाणे सुरेख झाले, पण शेवटी बाईंनी सवयीने विचारले, "बरं झालं का, भाई?" मेण वाया गेले. दुसरेही तसेच गेले.

"बाई, गाणं संपल्यावर बोलू नका," भाई म्हणाले.

"इचारायचं नाय? मंग कळायचं कसं?"

तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण गाणे ऐकून भाईंचे डोळे भरून आले होते. ते पाहून बाई घाबरल्या. "बरं नाय झालं का, भाई?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग हसून म्हणाले, "राहू द्या तसंच."

ती तबकडी घरोघरी वाजली. वर्षभराने मनमाडला रेल्वेच्या कामगारांपुढे आमचा कार्यक्रम झाला. आता बाई गाणे संपल्यावर गप्प राहायला शिकल्या होत्या. पण टाळी वाजेना. मंडप नुसता वाट पाहत बसला. पुढे बसलेल्या फुलाबाई नावाच्या म्हातारीने सांगितले, "इचार की, बाई."

बाईंनी विचारले. सगळा मंडप एका आवाजात म्हणाला, "लय बरं झालं!" भाई इतके हसले की माझा भाता हलेना.

पुढे कंपनीने मोठी, चकचकीत पेटी दिली. मला कापडात गुंडाळून फळीवर ठेवले. दोन वर्षांत उंदरांनी माझा भाता कुरतडला. एके दिवशी बाई दुकानात आल्या. "त्या पेटीवर गळा मोकळा होत नाय. आपली कुठंय?" भाई खजील झाले. बाईंनी कातडे धरले, भाईंनी ठिगळ लावले आणि संध्याकाळपर्यंत मी गाऊ लागले.

आता मी भाईंच्या नातीकडे, माजिदाकडे आहे. माझी एक पट्टी अडकते. ती पट्टी चुकवून माजिदा वाजवते आणि गल्लीतली पोरे नाचतात.

मित्रांनो, गुंडाळून ठेवले म्हणजे वाद्य जपले, असे समजू नका. तुमच्या घरात एखादी पेटी कोपऱ्यात पडली असेल, तर आज तिचा भाता हलवून पाहा. ती बेसूर वाजली तरी रागावू नका. कितीतरी दिवसांत तिच्याशी कुणी बोललेले नसते.