दहापैकी किती

"आंधळ्याला कसला गं पिक्चर?" भैरू म्हणाला आणि खुर्ची आणखी खिडकीकडं सरकवून बसला.

सत्यभामेनं तव्यावरची भाकरी उलटली. "बघायचं काम माझं. तुमी निस्तं मार्क द्यायचं."

"तू देशील त्येच माजं."

हेच ते. हे वाक्य तिला तव्याच्या चटक्यासारखं लागायचं.

भैरूनं अर्धं आयुष्य न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवला. घराएवढे कंटेनर पाठीमागं घेऊन हिंडलेला माणूस. म्हणूनच की काय, त्याला पिक्चरही तसलेच लागत. शहरावर कोसळणारी आभाळातली जहाजं, लोखंडी पंखांचे वीर, एका हातानं पूल उचलणारे राक्षस. दर उन्हाळ्यात असा एखादा मोठा इंग्रजी पिक्चर हिंदी बोलत मॉलमध्ये उतरायचा, आणि जुईनगरच्या दोन खोल्यांतून ही नवराबायको तो बघायला निघायची. सत्यभामा सुरुवातीला नुसती गारव्यासाठी जायची. मग तिलाही चटक लागली.

पिक्चर सुटला की मॉलमागच्या गल्लीत रावसाहेबांच्या रसवंतीवर जायचं, हा रिवाज. रसाचा ग्लास हातात येईपर्यंत पिक्चरबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ग्लास आला की दहापैकी मार्क द्यायचे, आणि मार्क दिले की भांडायचं. तिनं आठ दिले तर त्यानं तीन द्यावेत. ती म्हणायची, हिरो खुळा. तो म्हणायचा, खुळी तू. चरकाचे घुंगरू वाजत असायचे आणि यांचं चाललेलं असायचं. रस्ताभर भांडायची, जिन्यात भांडायची, आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर एखादा मुद्दा राहिलेला आठवला की भैरू उठून बसायचा, "भामे, झोपलीस का?"

मग काचबिंदू आला. चोरपावलांनी आला, कडेकडेनं उजेड खात खात मधोमध पोचला, आणि गेल्या वर्षी उरला तेवढाही घेऊन गेला. त्याच्याबरोबर भांडणही गेलं. आमटीत मीठ बरं आहे का? तू म्हणशील तसं. पुण्याला लेकाला, तेजसला फोन लावू का? तू म्हणशील तसं. लग्नाच्या पंगतीत जिलेबीवरून खुद्द सासऱ्याशी वाद घातलेला हा माणूस, आता गव्हाच्या पोत्यासारखा ठेवाल तिथं बसायचा.

डोळे परत यायचे नाहीत, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. भांडण तरी परत आणायचं, असं सत्यभामेनं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

तिनं तालीम सुरू केली. संध्याकाळी खिडकीत बसून ती त्याला खालचा रस्ता सांगायची. "रिक्षा थांबली. हिरवी साडी उतरली. सुट्ट्या पैशावरनं वाजलंय." लांबण लावली की तोवर दुसरी रिक्षा येऊन निघून जायची. तिची आई जात्यावर ओव्या म्हणायची. सासर, माहेर, भाऊ, पाऊसपाणी, सगळं दोन ओळींत बसवायची. सत्यभामेनं तीच युक्ती धरली. श्वास संपायच्या आत चित्र संपलं पाहिजे. एकदा तर तिनं भिंतीवरच्या जाहिरातीचीच ओवी केली:

*लोखंडाचं पंख बाई, पंखाला गं लाल धार*
*काळ्या आभाळाच्या रानी एकला निघाला स्वार*

"हिरोला जात्यावर बसवलंस की," भैरू म्हणाला. हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. तिला तेवढं पुरलं.

जाहिरात होती 'नभवीर'च्या चौथ्या भागाची. आधीचे तीन दोघांनी मिळून बघितलेले, तिन्हींवरून कडाक्याची भांडणं झालेली. रविवारी दुपारी सत्यभामेनं इस्त्रीचा शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला, आणि तो काही बोलायच्या आत त्याचा हात आपल्या कोपरावर घेतला.

थेटर गच्च भरलेलं. अंधार झाला, आणि ती त्याच्या कानाशी लागली. "शहर. काचंच्या बिल्डिंगा. सूर्य तांबडा झालाय, आजारी मानसाच्या डोळ्यावानी." बोलणं तर भैरूला ऐकू येत होतं, न बोललेलं तेवढं ती सांगत होती. कोण हसला, कोण नुसतंच हसल्यासारखं करतोय, दाराआड कोण उभा.

पुढच्या रांगेतला एक कॉलेजचा मुलगा मागं वळला. "आंटी, प्लीज. कॉमेंट्री बंद करा ना."

"मालकास्नी दिसत न्हाई," सत्यभामा म्हणाली. "मी सांगनार. तू म्होरं बघ, तुझा पिक्चर तिकडं हाय."

त्याच्या शेजारच्या मुलीनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. "शौनक, गप ना!" त्यानं वळून पाहिलं नाही, उलट जरासा सरकून बसला, सत्यभामेला पडदा नीट दिसावा म्हणून.

सगळं शेवटापर्यंत नीट चाललं होतं. शेवटी नभवीर जग वाचवायला मरणाऱ्या सूर्याकडं झेपावला. कमरेला एक लांब दोरी. दोरीचं दुसरं टोक मागं थांबलेल्या जहाजात, त्याच्या धाकट्या भावाच्या हातात. आणि पिक्चरमधला आवाजच बंद झाला. संगीत नाही, बोलणं नाही. सूर्यातून एक लखलखाट निघाला आणि नभवीरचे डोळे गेले.

सत्यभामेच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

पडद्यावर तो चाचपडत होता. मोठा थोरला वीर, आणि हात असे पुढं केलेले, जसे भैरू पहिल्या दिवसांत मोरीच्या दारापाशी करायचा.

"काय झालं? भामे?" भैरू कुजबुजला. "आवाज का ग्येला?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "उडतोय. सरळ चाललाय."

एकदा खोटं सांगितलं की पुढचं सगळंच बदलावं लागतं. पडद्यावर भाऊ दोरीला हिसके देऊन आंधळ्याला वाट दाखवत होता, डावीकडं एक, उजवीकडं दोन. सत्यभामा सांगत होती, सूर्य सावरायला लागलाय. पडद्यावर सूर्यानं दोघांनाही ओढायला सुरुवात केली. नभवीरनं दोरी चाचपली आणि कापून टाकली. सत्यभामा म्हणाली, "परत आला. भावानं मिठी मारली. चालले घराकडं."

हलके हलके संगीत सुरू झालं. मागं कोणीतरी नाक ओढलं.

"मग ही मानसं रडत्यात कशापायी?" भैरूनं विचारलं.

"आनंदानं," ती म्हणाली.

रसवंतीवर गर्दी होती. रावसाहेबांनी यांना बघून बाकावरच्या दोघांना सरकायला लावलं. "या या! मला वाटलं, औंदा दांडी मारता का काय. दोन बिनबर्फाचे!" चरक फिरला, घुंगरू वाजले, आल्यालिंबाचा वास उठला.

सरकलेले दोघे म्हणजे पुढच्या रांगेतलीच ती मुलं होती. त्यांचं आधीच जुंपलेलं.

"यार राजलक्ष्मी, तीन पार्ट आपण त्याच्यासाठी टाळ्या मारल्या, आणि चौथ्यात मारून टाकला? याला काय अर्थ आहे?"

"मरायलाच पाहिजे होता. दर वेळी वाचतो, मग भीती कसली वाटणार? मला तर पहिल्यांदा..." राजलक्ष्मीचं लक्ष भैरूकडं गेलं. मग सत्यभामेच्या चेहऱ्याकडं. तिनं शौनकला कोपर मारलं. पण शौनक कुठला थांबायला.

"आणि डोळे गेल्यावर तर उगाच रडवायला..."

भैरूनं ग्लास बाकावर ठेवला.

"पोरा," तो म्हणाला, "नभवीर मेला?"

"म्हणजे... काका, तुम्ही आत्ता बघितला ना?"

"बघितला की. माज्या बायकोचा बघितला. त्यात तो घरी ग्येला."

घुंगरू तेवढे वाजत राहिले. रावसाहेबांनी विचारलं, "मग? दहापैकी किती?" तोवर भैरू बाकावरून उठला होता.

घरी जाताना भैरूनं तिचं कोपर धरलं नाही. एक हात दुकानांच्या शटरांवर, कठड्यांवर टेकत तो चालला. ती बरोबर चालली, हात लावायची हिंमत न होता. एका खांबाशी तो थांबला.

"रोज खिडकीतनं सांगतीस," तो म्हणाला. "हिरवी साडी उतरली म्हनतीस. उतरती का खरंच?"

यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"उतरती," ती म्हणाली. "पिक्चरचं तेवढं खोटं सांगितलं. शेवटाचं. त्याचं डोळं ग्येलं, आन मला सांगवंना."

"तुला सांगवंना? का तुलाच बघवंना?"

तिनं मागं मॉलकडं बघितलं. मग म्हणाली, "उद्या सकाळच्या खेळाला परत जायचं."

"नगं. मेला त्ये कळलं. आता बघायचं काय ऱ्हायलं?"

"मेला त्ये पोरांनी सांगितलं. कसा मेला, त्ये सांगितलं न्हाई. त्ये मी सांगनार."

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. 'तू म्हणशील तसं' तर मुळीच म्हटलं नाही. सकाळी सत्यभामा न्हाऊन आली तेव्हा मात्र भैरू शर्ट घालून दाराशी बसला होता. बटणं एक घर चुकून लागलेली. ती नीट करायला हात पुढं गेला तिचा. पण ती थांबली.

"बटनं चुकल्यात," ती म्हणाली.

"मग आधी बोलायचं," तो म्हणाला, आणि स्वतः काढून परत लावली.

सकाळच्या खेळाला तुरळक माणसं होती. सत्यभामेनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, कालच्यापेक्षा नेटानं, काही न गाळता. आवाज बंद झाला तेव्हा तिनं भैरूचा हात हातात घेतला. त्यानं घेऊ दिला.

"लखलखाट," ती म्हणाली. "डोळं ग्येलं."

त्याची बोटं जराशी आवळली गेली.

"हात पुढं केल्यात. चाचपडतोय. म्होरं काय न्हाईच, तरी चाचपडतोय. भाऊ दोरीला हिसका देतोय. डावीकडं." आणि तिनं भैरूचा हात डावीकडं ओढला. "उजवीकडं. परत उजवीकडं." तसा ओढला. तिचा आवाज फाटायला लागला, तेव्हा ती आईकडं गेली, जात्याकडं गेली. पुटपुटत, त्याच्या एकट्याच्या कानात:

*डोळे गेले वाटंमंदी, वाट मातुर गेली न्हाई*
*भाऊ बोले दोरीवाटं, पंखाला गं भीती न्हाई*

"आन मग?" भैरू म्हणाला.

"मग सूर्य वढतोय. जहाजाला बी वढतोय. भाऊ सोडत न्हाई. ह्यानं दोरी चाचपली. बोटानं चाचपतोय. कापली."

"भावाला न इचारता?"

"न इचारता."

"हं," भैरू म्हणाला.

रसवंती नुकती उघडत होती. रावसाहेब चरक पुसत होते. "अरेच्चा, परत? काल रस तसाच ठेवून गेलात."

"आज पिनार," भैरू म्हणाला.

दोघं बाकावर बसली. नियमाप्रमाणे गप्प. रावसाहेबांनी ग्लास हातात दिले.

"बोला. किती?"

"नऊ," सत्यभामा म्हणाली.

भैरूनं एक घोट घेतला. मग दुसरा. मिशी पुसली.

"चार."

"चार!" ती बाकावरून अर्धी उठलीच. "आवं, जगासाठी जीव दिला त्यानं!"

"द्यावा की. त्याचा जीव. पन दोरी दोघांची व्हती. ह्यानं परस्पर कशी कापली?"

"न्हाईतर भाऊ बी सूर्यात ग्येला असता!"

"मग दोन हिसकं द्यायचं, इचारायचं. भाऊ हिसक्यावरनं समदं सांगत व्हता, का न्हाई? मग त्याच्यावरनंच इचारायचं, सोडू का म्हनून. ह्यानं ठरवलं, भावाला सोसायचं न्हाई. ठरवनारा हा कोन?"

सत्यभामेला कळलं. एक क्षण वाटलं, मान खाली घालावी, तुमचंच बरोबर म्हणावं आणि मिटवून टाकावं. पण त्यासाठी का ती इथवर आली होती?

"मायेनं केलं त्यानं," ती म्हणाली. "मायेत कोन इचारत बसतंय?"

"मायेतच इचारायचं असतं, खुळे!"

"खुळं तुमी! माजं नऊ म्हंजी नऊ."

भैरूनं ग्लास रिकामा केला. "बरं. माजं साडेचार. अर्धा तुज्या सांगन्याचा."

"अर्धाच?"

"कालचं वजा केल्यात."

रावसाहेब एवढ्या मोठ्यानं हसले की मोळीवरची चिमणी उडाली.

"चिमनी व्हती का?" भैरूनं विचारलं.

"व्हय. मादी. चोचीत चिपाडाचा धागा."

तो उठला आणि हवेत हात पुढं केला. तिनं कोपर दिलं. गल्लीतून बाहेर पडून दोघं जुईनगरच्या रस्त्याला लागली. उन्हं चढली होती. शंभर पावलं गेली नसतील, तोच तिच्या कोपराला हिसका बसला. मागून रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, पण भैरू रस्त्यातच उभा.

"थांब. त्या सूर्याचं ऱ्हायलंच की!"

"बोला," सत्यभामा म्हणाली, त्याला कडेला ओढत. "बोला, ऐकतीया."