शत्रुसैन्याबाबत सर्वाधिकार

सगळ्यात आधी सांगतो, मला फक्त एक डाव खेळायचा होता. एकच. संस्था काढायची हौस मला नव्हती आणि आजही नाही.

पुण्याला भाच्याकडे मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. जेवणाच्या टेबलाएवढ्या पटावर दोन फौजा समोरासमोर मांडलेल्या. अंगठ्याएवढे शिपाई, त्यांच्या ढालींवर नक्षी, घोड्यांच्या नाकपुड्यासुद्धा रंगवलेल्या. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला शिंगं आणि सुळे असलेले राक्षस. टेपने मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण पडला ते नियमांच्या पुस्तकात बघून ठरवायचं. मी चार तास उभा राहून पाहत होतो. पायात गोळे आले तरी हललो नाही. पुढे भाचा परदेशी निघाला तेव्हा ते जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने मला देऊन टाकलं. "मामा, फौज मात्र तुम्हालाच बनवावी लागेल," म्हणाला. शिपाई तो बरोबर घेऊन गेला.

मी नेकनूरच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. साल दोन हजार पंधरा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, म्हणून ऊस नाही, म्हणून गाळप नाही. हजेरी मात्र होती. रोज जायचं, मस्टरवर सही करायची आणि संध्याकाळपर्यंत माश्या मारायच्या. प्रयोगशाळेत फरशी बसवलेला बारा फुटी ओटा होता. एवढा ओटा रिकामा पडलेला पाहिला की मला पुण्याचा पट आठवायचा. एकट्याने गुपचूप काम सुरू करायचं सोडून मी ते तिघांना सांगितलं, ही माझी पहिली चूक.

एक वाहेद, वर्कशॉपचा वेल्डर. त्याच्या बोटांत खरोखर कला होती. दुसरा रामहरी, स्टोअरकीपर, सगळ्या चाव्या त्याच्याकडे. तिसरे मोहनराव, शेती अधिकारी. खोलीत चार माणसं जमली की मोहनराव आपोआप त्यांचे चेअरमन होत.

"एकट्यादुकट्याचं काम न्हाई हे," मोहनराव म्हणाले. "सहकारी तत्त्वावर करू."

"खेळाला संस्था कावून पाह्यजे?" वाहेदने विचारलं.

"फौज हाय ना? मग शिस्त नको व्हय?"

अर्ध्या तासात मोहनराव चेअरमन, रामहरी सचिव आणि वाहेद व मी सभासद झालो. भागभांडवल म्हणजे शिपाई. प्रत्येकाने आपल्या वाट्याची तुकडी तयार करायची. रामहरीने जुन्या रजिस्टरची कोरी पानं काढून इतिवृत्त लिहायला घेतलं. त्यातला ठराव क्रमांक चार असा होता: शत्रुसैन्य उभारणीबाबतचे सर्वाधिकार मा. चेअरमन यांना देण्यात येत आहेत. सर्वानुमते मंजूर. माझाही हात वर होता. आपल्याकडे सर्वाधिकार हा शब्द कानावर पडला की हात आपोआप वर जातो.

काम मात्र झकास सुरू झालं, ते मी नाकारत नाही. वाहेद तारेचे सांगाडे वाकवून द्यायचा. त्यावर आम्ही एम-सील मळून अंग चढवायचो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं ठोकून ढाली केल्या, साखरेच्या पोत्यांची सुतळी उसवून घोड्यांना आयाळी लावल्या. गावच्या आटलेल्या तळ्यातले तडकलेल्या गाळाचे पापुद्रे उचलून आणले आणि ओट्यावर रणभूमी मांडली. रंगाचं खातं माझ्याकडे. मी पहिल्याच दिवशी बजावलं, अंगरखे सगळ्यांचे हिरवे, काठ पिवळा, दोन हात रंग, ब्रश झिरो नंबरचा. एका फौजेचे शिपाई एका फौजेचे वाटले पाहिजेत.

"घरात माठाला पाणी न्हाई, आन् ह्यांच्या घोड्याला दोन हात रंग," माझी बायको शिवकन्या म्हणायची. ती चुकीचं बोलत नव्हती. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि ते पाणी इतकं क्षाराचं की त्यात डाळ शिजत नव्हती. त्या पाण्यात रंग कालवला तर वाळल्यावर वर पांढरी भुकटी येणार, हे कळायला केमिस्ट असायची गरज नाही. म्हणून मी स्टँडवरच्या मकसूद मेकॅनिककडून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणला आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला.

घोडेस्वारांची अख्खी तुकडी रंगवून झाली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सगळे घोडे पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे पांढरेफटक. मी ओरडलोच.

"कॅनमधलं पाणी कुणी बदललं?"

"मी," रामहरी म्हणाला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. "चेअरमनच्या जीपची बॅटरी उतरलती. त्यात वतलं. कॅन टँकरच्या पाण्यानं भरून ठेवला की. पाणी ते पाणी, त्यात काय एवढं?"

मोहनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्रिंबकराव, ऱ्हाऊ द्या तसंच. पांढरे घोडे शोभून दिसतात."

"पण स्वारही पांढरे झालेत!"

"मग समद्यांचं एकसारखंच झालं ना? तुमीच तर म्हणत होते, एकसारखं पाह्यजे."

ते सगळे स्वार खरवडून पुन्हा रंगवायला मला अठरा दिवस लागले. या अठरा दिवसांत मोहनराव रोज खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. त्यांच्या नावावरची भालाईत आणि स्वारांची मिश्र तुकडी रामहरीने रंगवली. त्यांनी स्वतः एकाच शिपायाला हात लावला, आणि तो नेमका राजा होता. वाहेदने राजा असा केला होता की बघत राहावं. तरुण, सडसडीत, ओठ मिटलेले. मोहनरावांनी कानस मागवून त्याचा ओठ घासला आणि एम-सीलच्या दोन वळ्या चिकटवल्या. झुबकेदार, टोकं वर वळलेल्या मिशा. त्यांना स्वतःला आरशात रोज दिसणाऱ्या.

"राजा हाय, मिशा नकोत?" ते म्हणाले.

वाहेद हातातली पकड खाली ठेवून वर्कशॉपकडे निघून गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

असं करत सव्वा वर्ष गेलं. मग बातमी आली की कारखान्यावर प्रशासक नेमलाय आणि शुक्रवारी सगळ्या इमारतींना सील लागणार. प्रयोगशाळेलाही. एवढा ओटा दुसरीकडे कुठे मिळणार? शेवटचा दिवस गुरुवार. घोडामैदान जवळ आलं. मी बुधवारी नियमपुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढलं आणि फासे रुमालात बांधून खिशात ठेवले.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही फौज मांडायला घेतली. भालाईत, घोडेस्वार, तिरंदाज, झेंडेवाले. हिरवे अंगरखे, पिवळे काठ. खिडकीतून उन्हाची तिरीप ओट्यावर पडली होती. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? तिरंदाज माझ्या वाट्याचे होते, चोवीस. प्रत्येकाच्या भात्यातले बाण वेगळे दिसत होते. सगळं मांडून झाल्यावर मी हात पुसले आणि विचारलं, "चला. आता राक्षस काढा."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"राक्षस?" रामहरी म्हणाला. "मला वाटलं तुमी करताव."

"मी? ते तुझ्याकडे नव्हते?"

"माझ्याकडं कावून? वाहेदकडं असतील."

"मला कोन सांगितलं?" वाहेद म्हणाला. "मी समद्यांचे सांगाडे केले. शिंगं एकानंबी मागितली न्हाईत."

आम्ही तिघं मोहनरावांकडे वळलो. त्यांनी चष्मा पुसला. "ठरावात सर्वाधिकार माझ्याकडं होते, हे बरोबर हाय. पण मागणी आल्यावर मी निर्णय घेणार होतो. मागणी कुठं आली?"

मी ओट्याच्या कडेला बसलो. सव्वा वर्ष! शंभरावर शिपाई, दोन दोन हात रंग, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. समोर तळ्याचा तडकलेला गाळ आणि त्यापलीकडे भिंत. मी रंग बघत बसलो, शत्रू कोण करतंय ते बघितलंच नाही. दुसऱ्याच्या माथी काय मारू? सारं मुसळ केरात गेलं होतं आणि घालणाऱ्यांत मीही होतो.

"आता एकच उपाय," मोहनराव म्हणाले. "यातलीच अर्धी फौज दुश्मन धरू. रामहरी, तुझी तुकडी दुश्मन."

"माझी कावून?" रामहरी उभा राहिला. "तुमची करा ना."

"माझ्याकडं राजा हाय. राजा दुश्मन असतो का बे?"

"मी तुमची तुकडी रंगवली. मी तुमच्या जीपला पाणी घातलं. मागच्या सोसायटीच्या इलेक्शनला तुमच्या पॅनलसाठी दारोदार हिंडलो, आन् तिकीट दिलं तुमच्या साडूला. तवाबी गप बसलो. आता वर राक्षस म्हणायलेत मला?"

"सोसायटीचं इथं काढू नको!"

"काढणार! आज काढणार!"

आणि रामहरीने दोन्ही हातांनी आपले भालाईत कवटाळले, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि धाडकन मांडले. तोंडं मोहनरावांकडे. वाहेदने क्षणभर राजाच्या मिशांकडे पाहिलं. मग आपले घोडेस्वार एकेक करून उचलले आणि रामहरीच्या शेजारी नेऊन ठेवले.

"तू बी?" मोहनराव म्हणाले.

"व्हय. तुमी एकटेच लढा. चेअरमनला भागीदार कशाला लागतो?"

मी उठून उभा राहिलो. ओट्याच्या दोन टोकांना दोन फौजा होत्या. समोरासमोर! ठरावाने सव्वा वर्षात जमलं नाही ते भांडणाने पाच मिनिटांत केलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला. खिशातून रुमाल काढला, फासे ओट्यावर ठेवले, माझे तिरंदाज हातात घेतले आणि म्हणालो, "मी मोहनरावांकडून खेळतो. ते एकटे आहेत."

"न्हाई चालणार," रामहरी ताडकन म्हणाला. "पुस्तक इंग्रजीत. वाचता तुमालाच येतं. तुमी जिकडं, तिकडं जीत."

"मग तुमच्याकडून खेळतो."

"हे तर बिलकूल न्हाई," मोहनराव म्हणाले. "रामहरीचं या बाबतीत बरोबर हाय. त्रिंबकराव पंच."

"पंच," रामहरी म्हणाला.

"मला चालतंय," वाहेद म्हणाला.

दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. मी हात वर केला नव्हता, पण कुणी मोजलेही नाहीत. निदान माझ्या तिरंदाजांना तरी खेळू द्या म्हटलं, तर म्हणे पंचाची फौज कशी लढेल? मी त्यांना परत खोक्यात ठेवलं.

डाव सुरू झाला आणि दुसऱ्याच फेरीला शिपाई एकमेकांत मिसळले. सगळे हिरवे, सगळ्यांचे काठ पिवळे. कोण कुणाचा ते कुणालाच ओळखू येईना.

"तो माझा!"

"तुझा कुठला? माझा हाय तो!"

शेवटी मलाच डाव थांबवावा लागला. खुणेशिवाय इलाज नव्हता. मी काळा रंग काढला, झिरो नंबरचा ब्रश घेतला आणि रामहरी-वाहेदच्या प्रत्येक शिपायाच्या अंगरख्यावर, मतदाराच्या बोटाला लावतात तसा, काळा ठिपका लावला. ज्या घोडेस्वारांसाठी अठरा दिवस डोळे फोडले होते, त्यांच्यावरसुद्धा.

साडेपाचपर्यंत मी टेप धरला, पानं उलटली, पडलेले शिपाई बाजूला काढले. तिघं ओरडत होते, मांडीवर थापा मारत होते, फासे टाकण्याआधी मुठीत फुंकत होते. फासे मला फक्त आकडा वाचायला मिळाले. जिंकले मोहनराव. रामहरीने निकालावर हरकत नोंदवली. मग तिघंही एका जीपमध्ये बसून हसत-भांडत चहाला गेले.

मी खोकं घेऊन घरी आलो. शिवकन्या ओसरीवर तूर निवडत होती.

"झाला का एकदाचा डाव? कोण जिंकलं?"

"चेअरमन."

"आन् तुमी?"

"मी पंच होतो."

तिने सुपातला हात थांबवला. चिडवेल असं वाटलं होतं, पण तिने खोकं ओढून उघडलं आणि माझे तिरंदाज एकेक करून ओसरीच्या फरशीवर उभे केले. चोवीसच्या चोवीस, नीट ओळीत.

"चांगले केलेत," ती म्हणाली. मग ओळीच्या पलीकडच्या मोकळ्या फरशीकडे बघत तिने विचारलं, "पण ह्यांच्या म्होरं कोण?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मला लपवता आलं नाही.

मग मी आत गेलो, उरलेलं एम-सील आणि तारेचा तुकडा घेऊन आलो आणि तिच्या शेजारी बसून मळायला लागलो. ठराव नाही, सचिव नाही. आधी शिंगं केली, मग सुळे. तोंडाशी आलो तेव्हा शिवकन्येने मान वाकवून विचारलं, "मिशा लावताव का ह्याला?"

"लावतो," मी म्हणालो आणि दोन वळ्या करून टोकं वर वळवली.